३१,६२८ कोटींचे पॅकेज, पाच एकरांना ३७ हजार : बीडच्या शेतकऱ्याचा हिशेब का जुळत नाही?

सरकार हेक्टरात बोलते, बीडचा शेतकरी एकरात मोजतो. अतिवृष्टीच्या मदतीवरून गेले तीन महिने जो राग दिसतो आहे, त्याची सुरुवात इथूनच होते. सप्टेंबरमध्ये सिंदफणा आणि बिंदुसरा पात्राबाहेर आल्या, गोदावरीच्या पुराने गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतली शेते पाण्याखाली गेली. काढणीला आलेले सोयाबीन आणि बोंडे धरलेला कापूस शेतातच सडला. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. राज्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी मदत असल्याचे सांगण्यात आले.

दिवाळी झाली, नागपूरचे हिवाळी अधिवेशनही संपले. तरी गावच्या पारावर, सेवा केंद्रासमोरच्या रांगेत आणि आठवडी बाजारात प्रश्न एकच आहे : एवढे पैसे गेले कुठे?

या प्रश्नामागे नुसती नाराजी नाही, साधा भागाकार आहे. पॅकेज जाहीर करताना राज्यात ६८ लाख ६९ हजार हेक्टरवरील पिकांचे नुकसान झाल्याचे सरकारने सांगितले होते. ३१,६२८ कोटींना या क्षेत्राने भागले, तर हेक्टरी सुमारे ४६ हजार रुपये येतात. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी जाहीर झालेला दर मात्र १८,५०० रुपये आहे. मधले साडेसत्तावीस हजार कुठे आहेत, हे कळण्यासाठी पॅकेजची एकेक ओळ सुटी करून पाहावी लागते.

पॅकेजमध्ये नेमके काय आहे?

कोरडवाहू पिकांना हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीला २७ हजार आणि बागायतीला ३२,५०० रुपये. मर्यादा तीन हेक्टर. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमी योजनेतून तीन लाखांपर्यंतची कामे. खचलेल्या विहिरीला ३० हजार, दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये. ज्यांनी पीक विमा काढला आहे, त्यांना विम्याचे हेक्टरी १७ हजार वेगळे. याशिवाय रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीसाठी १० हजार कोटी.

शेवटची रक्कम पाहिली की भागाकारातला बराच फरक उलगडतो. पॅकेजचा जवळपास एक तृतीयांश भाग रस्ते आणि पुलांसारख्या कामांचा आहे. तो खर्च आवश्यकच आहे. वाहून गेलेला पूल बांधला नाही तर ऊस कारखान्यावर आणि दूध डेअरीवर कसे पोहोचणार? पण तो पैसा शेतकऱ्याच्या खात्यावर येणार नव्हता. एकाच बेरजेत बसवल्यामुळे तो खात्यावरचाच पैसा वाटला.

१८,५०० हा आकडा कसा तयार झाला?

हा एक दर नाही, दोन रकमांची बेरीज आहे. आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतातच. त्यात राज्य सरकारने रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी १० हजारांची भर घातली. बागायतीचेही तसेच : १७ हजारांचे २७ हजार झाले, २२,५०० चे ३२,५००.

गेवराई किंवा शिरूर कासार तालुक्यातला पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी उदाहरणादाखल घेऊ. अडीच एकरांचा एक हेक्टर धरला, तर त्याची जमीन दोन हेक्टर. त्याला नुकसानीचे १७ हजार आणि रब्बीचे २० हजार, असे एकूण ३७ हजार मिळायला हवेत. एकरी ७,४०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एकराची मदत दीड क्विंटल सोयाबीनच्या हमीभावाइतकीही भरत नाही.

हे ३७ हजारही एकदम आले नाहीत. दोन रकमांचे शासन निर्णय वेगळे, हप्ते वेगळे. त्यामुळे मोबाइलवर १७ हजारांचा संदेश आला, तेव्हा ‘अर्धे पैसे कोणी खाल्ले?’ असा संशय घेणाऱ्याला दोष देता येत नाही. हे पैसे कोणत्या शीर्षाखालचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

जुने दर काय होते?

रागाचे दुसरे कारण इथे आहे. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार राज्यात जिरायत पिकांना हेक्टरी १३,६००, बागायतीला २७ हजार आणि बहुवार्षिक पिकांना ३६ हजार रुपये, तेही तीन हेक्टरांपर्यंत मिळत होते. मे २०२५ मध्ये, म्हणजे यंदाच्या खरिपाच्या तोंडावर, हे वाढीव दर मागे घेण्यात आले. पुन्हा केंद्राचे निकष आणि दोन हेक्टरांची मर्यादा लागू झाली.

आता जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवा. कोरडवाहूचे १३,६०० वरून १८,५०० झाले, म्हणजे प्रत्यक्ष वाढ हेक्टरी ४,९०० रुपयांची. हंगामी बागायतीचे २७ हजार तेवढेच राहिले. बहुवार्षिक बागायतीचे ३६ हजारांचे ३२,५०० झाले. मे महिन्यात खाली आणलेला दर ऑक्टोबरमध्ये वर नेला आणि त्या वाढीला ‘ऐतिहासिक’ म्हटले गेले.

विम्याचे १७ हजार खात्रीचे का नाहीत?

पीक विम्याशी बीडचे नाते जुने आहे. २०२० च्या खरिपात या जिल्ह्यासाठी विमा कंपन्या पुढे येत नव्हत्या. तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत वेगळी योजना राबवली गेली. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा. भरपाई कमी झाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले पैसे राज्याला परत करायचे. हाच ‘बीड पॅटर्न’ पुढे राज्यभर गेला.

२०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला. बोगस अर्जांची प्रकरणे, त्यातही बीडमधली, हे त्यामागचे एक कारण होते. ते कारण खोटे नव्हते. पण त्याच बदलात आणखी एक गोष्ट गेली. पूर्वी पाणी साचून पीक गेले की शेतकरी ७२ तासांत कळवू शकत होता आणि त्याच्या शेताचा पंचनामा होत असे. आता भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठरते. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली आले, तरच मंडळातल्या विमाधारकांना पैसे.

नदीकाठचे शेत वाहून गेले आणि त्याच मंडळातल्या माळावरचे पीक तगले, तर सरासरी काय सांगेल? म्हणून विम्याचे १७ हजार हे पॅकेजमधले ‘मिळतील’ सदरातले पैसे नाहीत, ‘मिळू शकतील’ सदरातले आहेत. बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात.

खरडलेल्या जमिनीचे तीन लाख

एक एकर माती वाहून गेलेल्या शेतकऱ्याला ४७ हजारांच्या दराने १८,८०० रुपये रोख मिळतात. तीन लाखांच्या दराने त्याच्या वाट्याचे सव्वा लाखाच्या आसपासचे काम रोजगार हमीतून व्हायचे आहे. हे पैसे खात्यावर येत नाहीत. त्यासाठी कामाला मंजुरी, मजुरांची मागणी, हजेरीपट आणि मोजमाप लागते.

यात डिसेंबरमध्ये नवी भर पडली. संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे. आधी अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राचा होता. ऑक्टोबरमध्ये ज्या योजनेच्या भरवशावर शब्द दिला, तिचा पायाच डिसेंबरमध्ये बदलला. जुन्या मंजुऱ्यांचे काय, माती भरण्याचे काम कोणत्या नियमाने होणार, हे गावपातळीवर स्पष्टपणे सांगितले जायला हवे.

उसाच्या टनामागे १५ रुपये

सर्वांत जास्त संताप मात्र एका छोट्या रकमेने झाला. सप्टेंबरअखेरच्या मंत्री समितीच्या बैठकीत यंदाच्या गाळपावर टनामागे १५ रुपये घेण्याचे ठरले. त्यातले १० मुख्यमंत्री सहायता निधीला, ५ पूरग्रस्तांसाठी. ‘शेतकऱ्याला मदत शेतकऱ्याच्याच खिशातून’ अशी टीका सुरू झाल्यावर हे पैसे कारखान्यांच्या नफ्यातून घेणार, उसाच्या दरातून नाही, असा खुलासा मुख्यमंत्र्यांनी केला.

एकरी ४० टन ऊस धरला तर ही रक्कम ६०० रुपये होते. प्रश्न ६०० रुपयांचा नव्हता. गेवराई-माजलगाव पट्ट्यात ज्याचा ऊस पाण्यात आडवा झाला, तोही शेतकरी त्याच कारखान्याला ऊस घालतो. कारखान्याचा नफा आणि उसाचा दर यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे त्याला अनुभवाने माहीत आहे.

ज्यांच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे आणि जे दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, त्यांची अडचण निराळी. यादीतला विशिष्ट क्रमांक, ज्याला सगळे ‘व्हीके नंबर’ म्हणतात, घेऊन सेवा केंद्रात अंगठा लावायचा. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली, हे चांगलेच झाले. पण ज्यांचा तो निघालेला नाही, ज्यांचे खाते सामाईक आहे आणि भावांची संमतीपत्रे जुळवायची आहेत, ते फडात असताना हे कधी करणार?

लोकांचा विरोध अटींना आहे का?

सरकारची बाजूही पाहायला हवी. राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या वर गेले आहे, आणि नुकसान एवढे मोठे असताना पैसा कुठून तरी आणावाच लागतो. गैरप्रकार रोखण्यासाठी काही अटीही लागतात. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत कॅगने तपासलेल्या ९० हजारांहून अधिक प्रकरणांपैकी सुमारे २२ टक्क्यांत चुका निघाल्या होत्या.

पण लोक अटींना किंवा जादा भाराला सरसकट विरोध करतात, असा महाराष्ट्राचा अनुभव नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना विस्तारली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये विधिमंडळाने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून पैसे कापायचे आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. तो कर आजही कापला जातो. किती, कोणाकडून आणि कशासाठी, हे कायद्यात लिहिलेले होते आणि त्यावर सभागृहात चर्चा झाली होती. म्हणून तो टिकला.

आता उलट चित्र आहे. १५ रुपयांचा निर्णय समितीच्या बैठकीत होतो, विम्याचे निकष शासन निर्णयाने बदलतात, मदतीचे दर एका महिन्यात उतरतात आणि दुसऱ्यात चढतात. हिवाळी अधिवेशनात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्यात अतिवृष्टीग्रस्तांच्या मदतीचे १५ हजार ६४८ कोटी होते आणि लाडकी बहीण योजनेचे ६,१०३ कोटीही. एवढ्या मोठ्या गठ्ठ्यात मदतीच्या दरांवर आणि अटींवर स्वतंत्र चर्चेला किती वाव राहतो?

पुढे काय?

बच्चू कडू यांच्या नागपूरच्या आंदोलनानंतर ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. त्याचे निकष ठरवण्याचे काम प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिले गेले. म्हणजे पुढचे पॅकेज आणि त्याला चिकटणाऱ्या पुढच्या अटी तिथेच लिहिल्या जाणार होत्या. २०१७ मध्ये दीड लाखाची मर्यादा, पती-पत्नीचा ऑनलाइन अर्ज आणि याद्यांचा घोळ झाला. २०१९ मध्ये दोन लाखांच्या वरचे थकबाकीदार बाहेर राहिले. नियमित कर्ज फेडणाऱ्याला जाहीर झालेले ५० हजार हातात पडायला २०२२ उजाडले.

हे टाळायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर गट क्रमांकानुसार यादी लावावी आणि तीत चार रकाने असावेत : निकषांचे पैसे, राज्याची भर, विमा आणि रोजगार हमीचे काम. प्रत्येक रकान्यात मंजूर किती आणि जमा किती. सगळे तपशील सरकारच्या संगणकात आहेतच. पाच एकरवाल्याला त्यात ३७ हजारच दिसतील, पण ते ३७ हजारच का, हेही दिसेल. आज त्याला फक्त वरचा आकडा माहीत आहे, आणि खात्यावर जे येते ते त्या आकड्याच्या मानाने कायम कमीच भरते.