दूध आईचे, जबाबदारी राज्याची

एचआयव्हीचा विषाणू आईच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचू शकतो, हे १९८५ पासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. मग अशा आईने बाळाला अंगावर पाजावे की नाही? या प्रश्नाचे सरकारी उत्तर माझ्या सेवाकाळातच पालटले.

कोणतेच उपचार नसतील, तर गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. त्यामुळे शतकाच्या प्रारंभी सल्ला असा होता, की परवडणारे, सुरक्षित आणि अखंड मिळणारे वरचे दूध असल्यास स्तनपान टाळावे. जिल्ह्याचा कारभार पाहताना असे एक परिपत्रक मीही सही करून खाली धाडले. पुढे एका आरोग्यसेविकेने विचारले, ‘‘साहेब, पावडर उकळलेल्या पाण्यात कालवायची, पण सरपण कुठून आणायचे? आणि सून अंगावर का पाजत नाही, असे सासूने विचारले तर?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर इतरत्र मिळत होते. मोफत दूध पावडर पुरवणाऱ्या बोत्स्वानात २००६ मध्ये अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली, तेव्हा प्रामुख्याने अंगावर न पिणारी बाळे दगावली. त्याआधी, १९९९ मध्ये, डर्बनच्या अभ्यासातून दिसले होते, की निव्वळ आईच्या दुधावरील बाळांपेक्षा त्यासोबत पाणी वा वरचे दूध घेणाऱ्या बाळांना लागण अधिक होते. मध चाटवण्याची आणि गुटी देण्याची आपल्याकडील रीत या संदर्भात निरुपद्रवी राहत नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या संरक्षणात स्तनपानाचा मार्ग मान्य केला. भारताने २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस व स्तनदा मातेस आजन्म उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध, हा आता सल्ला आहे.

धोरण योग्य आहे. पण त्याने जोखमीचे स्थान बदलले. बाळाची सुरक्षितता आता आईच्या रोजच्या गोळीवर, म्हणजेच राज्याच्या पुरवठा-साखळीवर अवलंबून आहे. ही साखळी नेमकी कुठे तुटते? नोंदणी सासरी, बाळंतपण माहेरी. गोळ्या एका जिल्ह्यात, आई दुसऱ्या. शिवाय गरोदरपणी चाचणी निर्दोष आली, पण पाजत असताना लागण झाली, तर ती स्त्री कोणत्याच यादीत नसते. त्या काळात विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते, हे विशेष.

म्हणून यशाचे मोजमाप प्रसूतीपाशी थांबवू नये. स्तनपान संपल्यावर बाळाची अंतिम तपासणी झाली का, हा खरा निकष. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत प्रसूतींच्या आकड्याशेजारी हा रकाना असला पाहिजे. माझ्या काळी तो नव्हता, आणि तो मी मागितलाही नाही.