सिडच्या हाती घरचा संगणक

आमच्या नेरुळच्या घरात संगणक एकच. अम्मींच्या औषधांचा हिशेब, मुलीचा बारावीचा प्रोजेक्ट, आमचं हे लिखाण, सगळं त्याच्यावर. इंजिनिअरिंगचा भाचा सुट्टीत आला आणि "मामू, तुमचं डेबियन फार जुनं आहे हो," म्हणत त्यानं त्यावर 'अनस्टेबल' आवृत्ती चढवली. तीन दिवस आम्हीही खूश. चौथ्या दिवशी अपडेट झालं आणि पडदा काळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला प्रोजेक्ट द्यायचा होता.

भाच्यावर ओरडलो खरे, पण न विचारता हो म्हणणारे आम्हीच.

डेबियन हे फुकट आणि खुलं लिनक्स. खारघरला ज्या सी-डॅकचं केंद्र आहे, तिची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच बेतलेली. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. अनस्टेबलचं नाव कायमचं 'सिड', म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. बनवणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही! नवा प्रोग्रॅम आधी सिडमध्ये येतो. साधारण दोन ते दहा दिवस गंभीर दोष निघाला नाही, तर 'टेस्टिंग'मध्ये सरकतो. पुढे बदल गोठवतात, दोष निस्तरतात आणि दोनेक वर्षांनी 'स्टेबल' बाहेर पडते. भाचा ज्याला जुनं म्हणतो, ते असं पारखलेलं असतं.

तरी सिड कुणीतरी वापरायलाच हवं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सिडवर काम करताना दिसलं, की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी दुर्लक्ष करता. त्यानं खणून पाहिलं, तर 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला. तो सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोचला होता. स्टेबलपर्यंत नाही. पकडला नसता, तर जगभरच्या सर्व्हरांत जाऊन बसला असता.

आमच्याकडे त्या रात्री भाच्यानं पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला. फाइली शाबूत होत्या. रात्री दीडला प्रोजेक्ट हाती आला, तेव्हा अम्मींनी चहा टाकला.

आता संगणकावर स्टेबल आहे आणि सिड त्याच्या आत, व्हर्च्युअल मशीनमध्ये. बिघडलं तर तेवढंच पुसायचं. एखादा नवा प्रोग्रॅम हवाच असेल, तर स्टेबलसाठी तयार केलेल्या 'बॅकपोर्ट्स'मधून घ्यायचा. सिडमध्ये 'एपीटी-लिस्टबग्ज' बसवलंय, ते नोंदलेले गंभीर दोष अपडेटआधीच सांगतं. आणि अपडेट करताना "हे हे काढून टाकतो" अशी लांब यादी आली, तर 'नाही' म्हणून चार दिवस थांबायचं. भाचा तेव्हा थांबला नव्हता. यादी न वाचताच त्यानं एंटर दाबलं होतं.

तो परत गेलाय. पासवर्ड सध्या मुलीकडे आहे, आम्हालाही तिनं सांगितलेला नाही.