देशाच्या नावाची शिवी

वालीव नाक्यावर रिक्षातून एखादा आफ्रिकी माणूस उतरला की त्याचा देश आधीच ठरलेला असतो. तो घानाचा असेल, युगांडाचा असेल, टांझानियाचा असेल. पानटपरीवर, रिक्षा स्टँडवर, सोसायटीच्या गेटवर त्याला एकच नाव आहे: नायजेरियन. ते उच्चारताना आवाज खाली येतो, आई मुलाचा हात घट्ट धरते, वॉचमन खुर्चीतून उठतो. आफ्रिकेत ५४ देश आहेत. वसईच्या पूर्वेला, वालीवपासून नालासोपाऱ्यापर्यंत, त्यातला एकच शिल्लक ठेवला आहे. मी याच भागात राहतो, हा शब्द रोज ऐकतो, आणि सरळ सांगतो: ही आता शिवी झाली आहे. ती कोणी बाहेरून आणलेली नाही. आपण घडवली आहे.

ज्या नावाची ही शिवी केली, ते आलं कुठून? नायजर नदीवरून. १८९७ मध्ये फ्लोरा शॉ या ब्रिटिश पत्रकार बाईंनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्या मुलखासाठी 'नायजेरिया' हे नाव सुचवलं. नदीचं नाव सहारातल्या तुआरेग लोकांच्या भाषेतलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्या बोलीत तिला 'नद्यांची नदी' अशा अर्थाने ओळखतात. युरोपातल्या नकाशे काढणाऱ्यांना मात्र त्यात लॅटिनमधला 'काळा' या अर्थाचा शब्द ऐकू आला. त्याच लॅटिन शब्दावरून पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये 'निग्रो' आला आणि पुढे अमेरिकेत ती शिवी निघाली, जी आज तिथे कोणी चारचौघांत उच्चारत नाही. म्हणजे पाण्यावरून पडलेलं नाव शेकडो वर्षं कातडीवरून पडल्यासारखं वाचलं गेलं. वालीवमध्ये आपण तेच वाचन पुढे चालवतो आहोत.

मराठीला या कामाची जुनी सवय आहे. 'हबशी' घ्या. अरबीत 'हबश' म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. हबशी म्हणजे तिथला माणूस. दख्खनेत हा शब्द एके काळी सरदारांच्या नावाला लागायचा. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून निजामशाहीत पोहोचलेला मुलगा. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही हबशीच. या मुलाने पुढे निजामशाही सावरली, १६१० मध्ये खडकी वसवली, शहराला जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली, जमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धत घालून दिली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्या शहराच्या नावावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. ज्याने ते शहर उभं केलं, त्याची जात-जमात सांगणारा शब्द आपण मुलांना धाकात ठेवायला वापरतो.

जहांगीर बादशहाला मलिक अंबर रणात सापडला नाही. त्याने आपल्या आठवणींत त्याला काळ्या तोंडाचा म्हटलं आणि दरबारातल्या अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं: भाल्यावर अंबरचं तोडलेलं शीर आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जे तलवारीने झालं नाही ते शब्दाने आणि रंगाने करायचं, हा पराभूताचा मार्ग असतो. मोगल हरले म्हणून चिडले होते. वालीवमधल्या आपल्या लोकांचा रिक्षातून उतरलेल्या त्या माणसाने कोणता किल्ला घेतला आहे?

जंजिऱ्याच्या सिद्दींनी, म्हणजे हबशांनीच, कोकणकिनाऱ्यावर जुलूम केले, ते मी झाकणार नाही. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला. पण त्याच वेढ्यात नेताजी पालकरांबरोबर शिवाजी महाराजांच्या बाजूने झुंजणारा सिद्दी हिलाल शाळेतल्या किती मुलांना माहीत आहे? शत्रूचा सिद्दी पाठ होतो, आपला सिद्दी गळतो, आणि उरलेल्या अर्ध्या गोष्टीवर 'हबशी'चा अर्थ बसवला जातो: धिप्पाड, अडाणी, क्रूर.

दुसरा शब्द 'काफर'. अरबीत काफिर म्हणजे इस्लाम न मानणारा. अरब व्यापाऱ्यांनी तो पूर्व आफ्रिकेतल्या लोकांना लावला, पोर्तुगीजांनी उचलला आणि आपल्या गुलामांसाठी रूढ केला. वसईचा किल्ला १५३४ पासून चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्यांच्या वसाहतींतल्या घरांमध्ये आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. गोव्यात 'खाप्री' म्हणून तो शब्द अजून जिवंत आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र वर्णभेदाच्या राजवटीने त्याला इतकं विष दिलं की २०१८ मध्ये तो शब्द पोलिसांवर पुन्हा पुन्हा फेकणाऱ्या एका बाईला तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी घानाच्या विद्यापीठातून गांधीजींचा पुतळा हलवला गेला, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी तिथल्या माणसांना हाच शब्द वापरला होता आणि त्यांना हिंदी लोकांपेक्षा खालचं मानलं होतं. आपल्याला पुतळा गेल्याचा राग आला. तो का गेला, हे वाचण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

या सगळ्याला उत्तर देणारी परंपराही मराठीतच आहे, म्हणून मला जास्त चीड येते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांचा लढा आणि आपला लढा शेजारी ठेवला. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी केली. तेव्हा मराठी लेखक आदराने 'निग्रो' लिहीत, कारण डू बॉइस स्वतः तो शब्द मोठ्या अक्षराने छापला जावा म्हणून भांडले होते. पुढे तिथल्याच माणसांनी तो टाकला. अमेरिकेच्या जनगणना विभागानेही २०१३ मध्ये तो काढून टाकायचं ठरवलं. ज्यांचं नाव आहे त्यांनी तो टाकल्यावर आपण तो धरून बसायचं कारण काय?

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच नाशिकची आहे. १९व्या शतकात अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सुटलेली आफ्रिकी मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. तिथे ती लिहायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट हा त्यातलाच. १८७३ मध्ये शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं शव दीड हजार किलोमीटरहून अधिक पायी वाहून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांतही होता. शरणपूरची बरीच मंडळी १८७५ नंतर मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउन वस्तीत शिक्षक, कारागीर, दुभाषे म्हणून गेली. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. आपल्या शहराचं नाव त्यांच्या मुलखात शिकलेल्या माणसाची ओळख झालं. त्यांच्या खंडातल्या एका देशाचं नाव आपल्या तालुक्यात काय झालं, ते वर लिहिलंच आहे.

आता उलट प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा: अमली पदार्थ विकताना हे लोक पकडले जातात, व्हिसा संपून वर्षं झालेली असतात, ते काय खोटं आहे? खोटं नाही. पकडा, खटला चालवा, शिक्षा द्या, देशाबाहेर पाठवा. माझी तक्रार गुन्हेगाराच्या अटकेबद्दल नाही, मथळ्याबद्दल आहे. 'नायजेरियन टोळी', 'नायजेरियन फ्रॉड', 'नायजेरियनांचा अड्डा'. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पाच्या आरक्षित जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या, कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, हजारो माणसं रस्त्यावर आली. ते बांधणाऱ्यांच्या गावावरून, जातीवरून कोणी शिवी तयार केली का? नाही केली, आणि करूही नये. मग हा न्याय रंग बघून का बदलतो?

'घाटी' हा शब्द ऐकून ज्याची कानशिलं तापली आहेत, अशा प्रत्येक मराठी माणसाला मी विचारतो. घाटावरून आलेला, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईने त्यात गावंढळ, हमाल, भांडी घासणारी बाई असं सगळं भरलं. आपल्या लोकांना आफ्रिकेत 'कुली' म्हणत, शिकलेल्या वकिलालाही कुली बॅरिस्टर म्हणत. राहत्या जागेच्या किंवा कामाच्या नावाचा लगाम करून माणसाला कसं हाकलतात, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. ते भोगलेल्यांनीच तो लगाम दुसऱ्याच्या तोंडात घालावा, याची मला शरम वाटते.

हे नुसतं बोलण्यापुरतं राहत नाही. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याचे देशबांधव पर्वरीत महामार्गावर उतरले, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली. २०१६ मध्ये बंगळुरूत एका सुदानी माणसाच्या गाडीने अपघात केला आणि जमावाने मागून आलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला मारहाण केली, कारण तीही काळी होती. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये खुर्च्यांनी बदडलं. त्याआधी ते माणसं खातात अशी अफवा उठली होती. सुदानी, टांझानियन, नायजेरियन हा भेद जिभेवरून पुसला गेला की लाठीलाही तो दिसत नाही.

माझं म्हणणं करता येण्यासारखं आहे. बातमीत आरोपीचं नाव छापा, इतरांचं छापता तसं, आणि देश एकदा लिहा, पासपोर्ट बघून, चेहरा बघून नव्हे. मथळ्यातून देश काढा. आणि घरमालकांकडे वळा. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती देणारा फॉर्म भरणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या भागात कित्येक जण तो भरत नाहीत. दुप्पट भाडं रोख घेतात, करारनामा करत नाहीत, आणि पोलीस आले की हात वर करून सांगतात, "काय करणार, नायजेरियन आहेत." हा फॉर्म न भरणं हा त्या घरमालकाचा गुन्हा आहे. तो मराठी असो, गुजराती असो, उत्तर भारतीय असो, त्याच्यावर गुन्हा नोंदवा, आणि त्या बातमीत त्याचंही नाव छापा.