वर्गांतील यंत्र व शिक्षकाचा वेळ

शाळेंत कोणतेंही नवें साधन आलें म्हणजे आपणां सर्वांस हर्ष होतो, व तो होणें स्वाभाविक आहे. पूर्वीं पृथ्वीचा गोल व भिंतीवरील नकाशे आले तेव्हां तो झाला. आतां संगणक व फळ्याएवढा पडदा आला तेव्हांही झाला. मुलास शाळेंत घालतांना पालक विचारतात, "आपल्याकडे अशीं यंत्रें किती आहेत?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्यापाठोपाठ यावयास हवा असा दुसरा प्रश्न क्वचितच कानीं पडतो : "या यंत्रांच्या साह्यानें शिकविण्यास शिक्षक केव्हां व कोणापाशीं शिकले?" माझ्या अल्प मतीप्रमाणें पहिल्या प्रश्नाचें मोल या दुसऱ्याच्या उत्तरावरच अवलंबून आहे.

यंत्र आलें कीं विद्या आपोआप येईल, ही आशा जुनीच आहे. चलच्चित्रांच्या बाल्यावस्थेंत, १९१३ सालीं, अमेरिकेंतील सुप्रसिद्ध संशोधक एडिसन यांनीं भाकीत केलें होतें कीं, शाळांतून पुस्तकें लवकरच नाहींशीं होतील व त्यांची जागा चित्रपट घेतील. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. पुस्तक अद्यापि मुलांच्या दप्तरांत आहे. अलीकडचें उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचें. तेथील सरकारनें शाळांतील मुलांसाठीं लक्षावधि लहान संगणक वांटले. पुढें खेड्यांतील ३१९ शाळांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. मुलें संगणक हाताळावयास शिकलीं खरीं. पण गणित व भाषा यांतील त्यांच्या प्रगतींत फरक आढळला नाहीं. संगणक आले होते. ते नित्याच्या पाठांत कसे गुंफावे याची स्पष्ट योजना आली नव्हती.

एक साधा पाठ घेऊं. चंद्राच्या कला शिकवावयाच्या आहेत. यंत्राचा सराव नसलेला शिक्षक पडद्यावरील चित्र सुरू करून तें संपेपर्यंत बाजूस उभा राहतो. मुलें पाहतात, खूष होतात आणि विसरतात. तोच शिक्षक यंत्राशीं रुळलेला असला म्हणजे अष्टमीच्या चंद्रापाशीं चित्र थांबवितो व म्हणतो, "आणखी चार दिवसांनीं चंद्र कसा दिसेल तें आधीं वहींत काढा, मग पुढें पाहूं." मुलें चुकतात, वाद घालतात, पुन्हां पाहतात, आणि मग त्यांस समजतें. यंत्र दोहींकडे एकच. फरक शिक्षकाच्या तयारीचा.

यावर कोणी म्हणेल, "चांगला शिक्षक आपण होऊन शिकेल." मीं स्वतः पुष्कळ वर्षें खडू हातीं धरला आहे. पडद्यावर पहिला पाठ घेतला त्या दिवशीं कळ दाबली तरी चित्र उमटेना. वर्गांत हशा पिकला. त्यानंतर कित्येक महिने मीं त्या पडद्यास हात लावला नाहीं. वह्या तपासणें, परीक्षा व निवडणुकीचें काम यांतून वेळही मिळेना. अखेर एका तरुण सहकाऱ्यानें मधल्या सुटींत रोज थोडा वेळ शेजारीं बसून मला धीर दिला, तेव्हां गाडी चालूं लागली. प्रत्येकास असा सहकारी लाभेलच असें नाहीं. तो लाभावा अशी व्यवस्थाच शाळेनें करावयास पाहिजे.

आपल्या देशांत हें पूर्वींच ओळखलें गेलें होतें. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोंचविण्याचा प्रयोग झाला. त्यांत मुलांसाठीं कार्यक्रम होते, तसेंच हजारों प्राथमिक शिक्षकांस विज्ञान कसें शिकवावें याचें शिक्षणही देण्यांत आलें. आणि सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील श्री. रणजितसिंह डिसले यांचें कार्य तर सर्वश्रुत आहे. पुस्तकाच्या पानावर एक चौकोनी खूण. मोबाईल तिच्यासमोर धरतांच कविता ऐकूं यावी, पाठ दिसावा. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ती खूण कोणासही छापतां येईल. तिच्यामागें काय ठेवावें, हें वर्गांतील मुलें ओळखणाऱ्या शिक्षकासच कळलें.

यास्तव माझी विनंती तीन गोष्टींची आहे. यंत्रासाठीं पैसा जमविला जाईल तेव्हां त्यांतील कांहीं भाग शिक्षकांच्या शिक्षणासाठीं राखून ठेवावा. आठवड्यांतून निदान एक तास शिक्षकांस एकमेकांचे पाठ पाहण्यास व सरावास मोकळा मिळावा. आणि जेथें खडूच्या दोन रेघांनीं काम भागतें तेथें खडूच वापरण्याची मुभा त्यांस असावी; पडदा किती वेळ उजळला यावरून त्यांची पारख होऊं नये.

पालकहो, पुढील सभेंत तो दुसरा प्रश्न अवश्य विचारा. आणि विद्यार्थिमित्रहो, यंत्र हाताळण्यांत तुम्हीं आमच्या पुढें आहां, हें आम्हीं मोकळेपणानें कबूल करतों. उद्यां वर्गांत गुरुजींचा किंवा बाईंचा हात पडद्यापाशीं अडखळला, तर हंसूं नका. उठून पुढें या व कळ दाखवा. त्या दोन मिनिटांत त्यांस धीर येईल, व पुढचा पाठ तुम्हांस अधिक चांगला मिळेल.