तीन करंडक म्हणजे घराणं नव्हे

राजकारणातली घराणेशाही आपल्याला लांबून ओळखता येते. खेळातलं घराणं ओळखताना मात्र आपली गल्लत होते. २ मार्च २०२५ रोजी जामठ्यात केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने आठ वर्षांत तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. तेव्हापासून ‘विदर्भाचं युग आलं’ हे वाक्य नागपूरपासून गोंदियापर्यंत ऐकू येतं. या वाक्याला माझा विरोध आहे. जिंकलेल्या संघाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच आहे.

यश खरं आहे, यात वाद नाही. १९५७-५८पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला पहिला करंडक मिळायला साठ वर्षं लागली. इंदूरला दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, फैझ फझलने करंडक उचलला, पुढच्याच वर्षी तो राखला. २०२४-२५च्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. पण या यशाचे काही खांब उसने होते, हेही मोकळेपणाने बोलावं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. दुसऱ्या विजेतेपदाच्या हंगामात हजारावर धावा करणारा वसीम जाफर मुंबईचा. तिसऱ्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा करुण नायर कर्नाटकचा, आणि तो पुढच्याच हंगामात घरी परतला. बाहेरून माणसं आणण्यात गैर काही नाही, त्यांच्याकडून शिकताही येतं. मात्र पाहुणे गेल्यावर स्वयंपाक कोण करणार, याचं उत्तर घरात असावं लागतं.

घराणं म्हणजे काय, ते मुंबईने दाखवलं. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. त्याचं श्रेय आपण वाडेकर-गावसकरांना देतो. पण त्यांच्या मागे काय होतं? शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स शील्ड स्पर्धा होत्या. १९४८पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग होती. टाइम्स शील्डमध्ये उतरणाऱ्या कचेऱ्या होत्या. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. म्हणजे मुलाला खेळायला सामना होता आणि मोठा झाल्यावर पोटाला नोकरी होती. पुढे दादर-माटुंग्याच्या जागा महाग झाल्या, तर विरार-पालघरची मुलं लोकलने मैदानांवर येऊ लागली. शार्दूल ठाकूर पालघरचा, पृथ्वी शॉ विरारचा. २०२४च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने बेचाळिसावा करंडक नेला, तो या सगळ्याच्या जोरावर.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हेच सूत्र आणखी उघड दिसतं. पैसेवाले संघ तयार खेळाडू विकत घेत. सेंट लुईस कार्डिनल्सकडे तेवढे पैसे नव्हते. त्यांच्या ब्रँच रिकी यांनी १९२०च्या दशकात लहान गावांतले छोटे संघच ताब्यात घेतले आणि तिथे मुलं वाढवायला सुरुवात केली. त्या पद्धतीचं नावच ‘फार्म सिस्टम’, म्हणजे शेती. कार्डिनल्सनी १९२६ ते १९४६ या काळात सहा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. न्यूयॉर्क यांकीजनी पुढे तीच शेती मोठ्या प्रमाणावर केली. १९४९ ते १९५३ अशी सलग पाच विजेतेपदं त्यांची. मग शेताकडे दुर्लक्ष झालं. कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायलाही त्यांनी १९५५पर्यंत वेळ लावला. १९६४मध्ये अंतिम फेरी खेळलेला हा संघ १९६६मध्ये आपल्या लीगमध्ये शेवटचा आला. कपाटातले करंडक तेवढेच होते, बांधावर रोपं नव्हती.

शेतीची ही गोष्ट धानाच्या जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही. पऱ्हेच टाकले नाहीत तर रोवणी कशाची करणार?

आता गोंदियाकडे बघा. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव इथल्या पोरांना खेळाची आवड नाही, असं कोणी म्हणेल काय? धान निघालं, मंडया झाल्या की गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. बक्षिसावर पुढाऱ्याचं नाव असतं, मंडप असतो, लाउडस्पीकर असतो. नसतो तो लेदर बॉलचा दर आठवड्याचा सामना. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘गुणवान पोरगा नागपूरला जाईलच की!’ कसा जाईल? विरारचा मुलगा साठ किलोमीटर लोकलने जाऊन रात्री घरी जेवतो. गोंदिया ते नागपूर अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे आणि सालेकसा त्याच्याही पलीकडे. नागपूरला खोली करून राहणं ज्याच्या बापाला परवडतं, तोच जातो. म्हणजे ही निवड खिशाची झाली, गुणांची नव्हे.

उमेश यादवचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, विशीपर्यंत टेनिस बॉल खेळला आणि भारतासाठी कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. पण तो खापरखेड्याचा, नागपूरच्या वेशीवरचा. तोच वेग देवरीच्या जंगलपट्टीत जन्मला असता तर कोणाच्या नजरेस पडला असता? उलट अकोल्याकडे बघा. आदित्य ठाकरे आणि अथर्व तायडे तिथून आले, जितेश शर्मा अमरावतीचा. पश्चिम विदर्भाच्या मातीत काही वेगळं नाही. तिथे क्लब आहे, जाळी आहे, रोज उभा राहणारा प्रशिक्षक आहे.

मोठ्या माणसांचीही गोंदियाला वाण नाही. भारतीय फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद दशकाहून अधिक काळ इथल्या प्रफुल्ल पटेलांकडे होतं. पण जिल्ह्यातून अध्यक्ष निघणं आणि खेळाडू निघणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी वजन लागतं, दुसऱ्यासाठी मैदान.

म्हणून मागणी साधी आहे. आणखी एक भव्य स्टेडियम नको. आठही तालुक्यांत एकेक मॅटिंगची खेळपट्टी, पगारी प्रशिक्षक, आणि दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत दर रविवारी लेदर बॉलचा सामना, गुणतक्ता आणि स्कोअरबुकासह. वर्षातून एकदा घेतलेली निवड चाचणी हा त्याला पर्याय नाही. एका दिवसात नशीब दिसतं, खेळाडू दिसत नाही. जिल्ह्यात राइस मिल आहेत, तिरोड्याला वीज प्रकल्प आहे. त्यांनी बक्षिसांऐवजी खेळाडूंना नोकऱ्या द्याव्यात. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांपैकी दोन-तीनच धावत राहिले, तर चौथा करंडकही येईल कदाचित. पण त्याला विदर्भाचं घराणं म्हणू नका. सालेकशाच्या रविवारच्या सामन्याचा निकाल नागपूरच्या निवड समितीला सोमवारी वाचावासा वाटेल, तेव्हा म्हणा.