नानांचा हात आणि चुंबक

आमच्या शेजारच्या नानांना गेल्या वैशाखात अर्धांगाचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून जीव वाचला, पायही चालता झाला; पण उजव्या हाताची बोटे जेमतेम हलत. गेल्या महिन्यात मी समाचाराला गेले, तर चिरंजीवांनी एक छापील पत्रक माझ्यापुढे सरकवले. "ताई, मेंदूला चुंबक लावून हात परत आणतात म्हणे. कापाकापी नाही, टाका नाही. आई पाटल्या मोडायला निघालीय. तुम्ही डॉक्टर, तुम्हीच सांगा!"

वाचकहो, चुंबकाची गोष्ट थापेची नव्हे. इंग्लंडातील शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली तारेचे वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरून त्यातून क्षणभर जोराचा वीजप्रवाह सोडला, आणि त्याच्या हाताची बोटे आपोआप उडाली! त्याआधी १९८० साली थेट विजेनेच हे करून पाहिले होते, पण त्यात कळ सोसावी लागे. चुंबकाची शक्ती मात्र कवटीतून अलगद आत शिरते आणि मेंदूत बारीकशी वीज खेळवते. तत्त्व फॅरडेसाहेबांचे, १८३१ चे! दुसरी तऱ्हा याहून साधी. ओल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या डोक्याला बांधून एकदोन मिलिअँपियरचा प्रवाह सोडायचा. कातडीला जरा मुंग्या येतात, इतकेच.

पण हाताशी याचा संबंध काय? मेंदूचे दोन भाग म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एरवी एकमेकींचा धाक असतो म्हणून संसार नीट चालतो. एक आजारी पडली की दुसरीचा आवाज चढतो, आणि आजारी बिचारी डोके वर काढू शकत नाही. तेव्हा धडधाकट जावेला चुंबकाने जरा गप्प करावे, म्हणजे आजारी उठून कामाला लागेल, असा हा तर्क. लहान लहान प्रयोगांत गुण दिसलाही.

मग अमेरिकेत बारा ठिकाणी मिळून १९९ रोग्यांवर मोठी परीक्षा झाली. काहींना खरे चुंबक, काहींना नुसते सोंग. आणि पाठोपाठ सगळ्यांनाच हाताचा व्यायाम. २०१८ साली निकाल छापून आला. खऱ्या चुंबकवाल्यांत शेकडा ६७ जणांचा हात ठरल्या मापाने सुधारला. सोंगवाल्यांत शेकडा ६५ जणांचा! थोडा वाटा निसर्गाचाही असेल, पण या मंडळींनी केले काय होते? व्यायाम.

चुंबकाला मी मोडीत काढत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या औदासीन्याच्या विकारासाठी अमेरिकेत २००८ पासून त्याला मान्यता आहे. हाताच्या बाबतीत मात्र त्याची पत अजून ठरायची आहे. पत्रकवाल्यांना पहिला प्रश्न विचारा, "चुंबकानंतर हात किती वेळ चालवून घेता?" आणि डोक्यात धातूची क्लिप असेल किंवा फेफरे येत असेल, तर ते आधी सांगा.

नानींना मी दुसरेच सुचवले. बोटे थोडी हलताहेत ना? मग नानांच्या चांगल्या हाताला जाड मोजा चढवा, आणि कामे दुखऱ्या हातानेच करू द्या. (चालताना मोजा काढायचा, तोल जायला नको!) या रीतीची २२२ रोग्यांवर परीक्षा होऊन २००६ साली निकाल अनुकूल आला होता.

आता रोज सकाळी नाना उजव्या हाताने वाटीतले वाल ताटलीत टाकतात. पहिल्या दिवशी एकही उचलला गेला नाही. चिडून त्यांनी वाटीच भिरकावली. नानी मुकाट्याने घरभर वाल वेचत राहिल्या. काल सात गेले. पाटल्या अजून हातात आहेत.