ॲडमिशन झाली, पोराचं काय?

पंचगंगेला पूर यायच्या आधी कोल्हापुरात फ्लेक्सचा पूर येतो. दहावी-बारावीचे निकाल लागतात, नीट-सीईटीचे लागतात आणि चौकाचौकांत पोरापोरींचे पासपोर्ट साइज फोटो झळकायला लागतात. फोटोखाली मार्क, मार्कांखाली क्लासचं नाव, क्लासच्या नावाखाली मोबाइल नंबर. त्या फ्लेक्सवर एक गोष्ट मात्र कधीच नसते. ही पोरं पुढच्या दिवाळीला कशी होती?

कारण तो प्रश्न कुणाचाच नाही. शाळेचं काम दहावीला संपलं, क्लासचं बारावीला. कॉलेजचं काम फी भरून घेतल्यावर सुरू होतं असं म्हणतात, पण नेमकं कधी, ते कुणाला ठाऊक नाही. आईवडिलांनी ट्रंक, गादी आणि लाडवांचा डबा पोचवला की त्यांचंही झालं. ‘ॲडमिशन झाली’ हे वाक्य आपण ‘लग्न ठरलं’ या थाटात म्हणतो. म्हणजे आता काळजी मिटली.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण पोरांना कॉलेजात घुसायला शिकवतो, तिथं राहायला शिकवत नाही. आणि याला भोळेपणा म्हणायला मी तयार नाही, ही चक्क टाळाटाळ आहे.

अकरावीचंच घ्या. मराठी माध्यमाचा पोरगा दहावीपर्यंत ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकतो. सायन्सला गेला की जूनमध्ये एका रात्रीत त्याचं ‘फोटोसिंथेसिस’ होतं. ‘गुरुत्व त्वरण’ गायब होतं आणि फळ्यावर इंग्रजी वाक्यं उतरायला लागतात. सरांचा तास सुरू असतो, पोरगा मात्र शब्दांशीच झगडत असतो. हे दरवर्षी, हजारो पोरांच्या बाबतीत, ठरल्या वेळी घडतं. तरी मे महिन्याच्या सुट्टीत या पोरांना बसवून महिनाभर फक्त परिभाषा समजावून सांगावी, असं फारशा कुणाला वाटत नाही. ‘होईल सवय,’ म्हणतात.

मी भुदरगड तालुक्यातून कोल्हापुरात आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. खोलीत आम्ही तिघं. डबा गावाकडून एस.टी.नं यायचा. आई पहाटे उठून करायची, कंडक्टरमामा आणायचे, आम्ही स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो. भाकरी मऊ राहावी म्हणून फडक्यात गुंडाळलेली असायची. पहिल्या चाचणीत मी दोन विषयांत नापास झालो आणि ते दिवाळीपर्यंत घरी सांगितलं नाही. रोज डबा उघडताना आईची ती पहाट आठवायची आणि घास उतरायचा नाही. आमच्यातला तिसरा दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. ट्रंक न्यायला त्याचा भाऊ आला. कॉलेजातून त्याची चौकशी करायला कुणी आलं नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढं गैरहजेरीच्या खुणा पडत राहिल्या असतील, एवढंच. तो आमच्यापेक्षा हुशार होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘आमच्या वेळी कोण होतं? आम्ही शिकलोच ना!’ हे म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, तुमच्याबरोबर आले ते सगळे शिकले का? जे टिकले तेच आज हे वाक्य म्हणायला शिल्लक आहेत. जे गेले त्यांचं मनोगत कुठल्या गॅदरिंगला झालं?

आणि ‘कोण होतं’ याचं खरं उत्तर निदान कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. शाहू महाराज होते. जयंतीला त्यांचं नाव घेताना आपण 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के आरक्षणाचा जाहीरनामा सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1901 मध्ये, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं होतं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग झालं. पुढं 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1908 ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. राजाराम कॉलेज तर त्यांच्या राज्यारोहणाआधीपासून होतंच. दार होतं. खेड्यातल्या पोराला त्या दारातून आत येऊन टिकता येत नव्हतं, कारण शहरात राहायचं कुठं, जेवायचं कुठं, अडलं तर विचारायचं कुणाला, याचं उत्तर नव्हतं.

बोर्डिंगं जातवार का काढली, हा आक्षेप आजही घेतला जातो. रास्त आहे. पण महाराजांनी आधी सगळ्यांसाठी खुलं वसतिगृह काढून पाहिलं होतं. थोड्याच काळात तिथं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. यातला धडा आजच्या कॉलेजांसाठी सोन्यासारखा आहे. ‘आमचं दार सगळ्यांना उघडं आहे’ म्हणणं वेगळं आणि दारात बिचकून उभ्या असलेल्याला हात धरून आत आणणं वेगळं. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जातंय, त्याला उघडं दारही बंदच दिसतं.

बोर्डिंगात सगळं गोड होतं असंही नाही. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून आल्यावर त्यांनी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. त्या पोराला महाराजांनी आपल्याकडं ठेवून घेतलं. पडलेल्याला झेलणारं कुणीतरी होतं. याच पोरानं पुढं 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधायला, जेवायला, राबायला लावली. भाकरी थापणं, हिशेब ठेवणं, आजारी पडलेल्या सोबत्याला सांभाळणं हा तिथं शिक्षणाचाच भाग होता. तोच भाग आपण वेळेचा अपव्यय म्हणून कापून टाकला.

कापला कसा, ते ‘इंटिग्रेटेड’ नावाच्या धंद्यात दिसतं. नाव एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर, पोरगं दिवसभर क्लासमध्ये. दोन वर्षं ना लायब्ररी, ना एनएसएस, ना कँटीन, ना आर्ट्सच्या पोरांशी दोस्ती. आई म्हणते, ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो.’ हे प्रेमच आहे, मला कळतं. पण अठराव्या वर्षी तेच पोरगं पुण्याच्या हॉस्टेलवर जातं आणि त्याला पहिल्यांदाच रिकामी संध्याकाळ भेटते. तिचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग दोष मोबाइलला!

कॉलेजं काय करतात? एक दिवसाचा ‘स्वागत समारंभ’. प्रमुख पाहुणे, प्रेरणादायी भाषण, ‘स्वप्नं मोठी बघा’, वडापाव, समाप्त. यूजीसीनं 2019 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं तर शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं सांगितलं. तुमच्या कॉलेजात तो कुठल्या खोलीत बसतो, उद्या जाऊन विचारा. लाजू नका, विचाराच.

मग करायचं काय? आभाळातलं काही मागत नाही.

नववीपासूनच पोरांच्या हातात घरची कागदपत्रं द्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी म्हणजे काय, सेतू केंद्रात कशाला जायचं, महाडीबीटीचा अर्ज कसा भरायचा, आधार बँकेला जोडलंय का? एका कागदापायी शिष्यवृत्ती जाते आणि शिष्यवृत्तीपायी वर्ष. हे काम बापाचं नाही, ज्याचं शिक्षण त्याचं आहे. मुलग्यालाही वरण-भात करता आला पाहिजे. मुलीलाही एकटीनं एस.टी.नं पुण्याला जाऊन येता आलं पाहिजे. आजारी पडल्यावर डॉक्टरला स्वतः सांगता आलं पाहिजे. सीनियरला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

कॉलेजांनी पहिल्या वर्षाच्या दर दहा मुलांमागं एक सीनियर नेमावा, शक्यतो तसल्याच तालुक्यातून आलेला. सलग आठवडाभर पोरगं दिसलं नाही, तर त्याला फोन करणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असावं. फोन, नोटीस नव्हे.

आणि आईवडिलांनो, रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. नापास झालास तरी घरी यायला तिकीट लागत नाही, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. तुम्ही ते गृहीत धरता, पोरांना ते माहीत नसतं. मला नव्हतं.

तुम्ही स्वतःच आत्ता अकरावीत किंवा फर्स्ट इयरला असाल, मोबाइलवर हे वाचत असाल आणि पहिल्या चाचणीचं अजून घरी सांगितलं नसेल, तर आज सांगा. चार दिवस बोलणी बसतील, बसू देत. आणि तुमच्या खोलीतला तिसरा दोन दिवस जेवला नसेल, तर त्याला विचारा. आम्ही दोघांनी विचारलं नव्हतं. आम्हाला वाटलं, त्याला भूक नसेल.